घरात डोळस व्यक्ती आहे का?

पुण्याच्या एका संस्थेसाठी मी मोबाइलची ॲप तपासते. तपासते म्हणजे वापरून बघते आणि कुठे अडकले ते लिहून कळवते. मला दिसत नाही, आणि या कामात तीच माझी पात्रता आहे. फोन बोलतो, मी ऐकते, स्क्रीनवर बोट फिरवत पुढे सरकते. ॲप चांगलं असलं तर फोन म्हणतो, "तिकीट काढा, बटन." वाईट असलं तर नुसतंच, "बटन. बटन. बटन." कसलं बटन, ते बनवणाऱ्यालाच ठाऊक. अशा ॲपना मी अहवालात जे सुनावते ते वाचून पुण्याची समन्वयक मुलगी म्हणते, ताई, जरा सौम्य लिहा, पुढे कंपनीला पाठवायचं असतं. मग मी एक शब्द काढून दुसरा घालते. तोही बहुतेक तसलाच असतो.

कधी कधी उपकरणंही येतात. पोलादपूरच्या बाजारात एका ओळखीच्या दुकानात पार्सल उतरतं आणि बाबा ते घेऊन येतात. मागे एक काठी आली होती, समोर काही आलं की मुठीत थरथरणारी. आमच्या आळीत ती थरथरायची थांबेचना, कारण समोर सतत कोंबडी, शेळी, नाहीतर कुणाची तरी आडवी लावलेली मोटरसायकल. उघड्या गटारापाशी मात्र गप्प. मी लिहिलं की आमच्याकडे माणूस समोर आपटत नाही, खाली पडतो. काठीला आधी खालचं कळायला हवं. काठी पुन्हा काही आली नाही.

पण माझी खरी हुशारी वेगळी. खोटं बोलणारं ॲप मी बरोबर पकडते. काही ॲप काम न करताच "जतन झाले" म्हणून मोकळी होतात. त्यांच्यासाठी माझी एक युक्ती आहे. सगळे रकाने रिकामे ठेवायचे आणि "पाठवा" दाबायचं. प्रामाणिक ॲप म्हणतं, आधी नाव भरा. खोटं म्हणतं, धन्यवाद, आपली माहिती मिळाली. मी याला रिकामी चाचणी म्हणते. पुण्याचे लोकही आता तसंच म्हणतात, याचा मला थोडा गर्व आहे.

आमच्या अहवालाच्या फॉर्मवर सुरुवातीलाच एक प्रश्न असतो. घरात डोळस व्यक्ती उपलब्ध आहे का? होय, नाही. इतकी वर्षं मी तिथे न थांबता "होय" दाबत आले. डोळस व्यक्ती म्हणजे बाबा.

बाबा महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तीस वर्षं पॅनेलवर होते. भिंतभर तबकड्या, कुणात तापमान, कुणात दाब, आणि दर तासाला प्रत्येकीचा काटा वाचून कागदावर आकडा लिहायचा. घरी आले की मला त्यातलं शास्त्र सांगत. "काटा उडी मारत नाय. मघाशी एकशे चाळीस असला, तर आता एकशे अडतीस असंल, नायतर एकशे बेचाळीस. उडी मारली तर मीटर बिघडला समजायचं." मग हसत पुढचंही सांगत. थंडीच्या पाळीत जागचं उठायचा कंटाळा आला की मंडळी काटा न बघताच आकडा भरत, आणि साहेबाला कधी पत्ता लागत नसे, इतका त्यांचा अंदाज पक्का. ही गोष्ट मी लहानपणी शंभरदा ऐकली आणि दर वेळी हसले.

माझ्या डोळ्यांचा पडदा मी कॉलेजात असताना निकामी होत गेला. आधी फळ्यावरची अक्षरं गेली, मग पुस्तकातली. बाबांनी टेपरेकॉर्डर आणला आणि सुट्टीच्या दिवशी पडवीत बसून माझी बी.ए.ची पुस्तकं कॅसेटवर वाचायला लागले. त्यांचं शिक्षण दहावी. अवघड शब्द आला की थांबत, तोंडातल्या तोंडात जुळवून बघत, आणि नाहीच जमला तर टेपमध्ये सरळ सांगत की इथं एक मोठा शब्द हाय, तुझं तू बघ. त्या मोठ्या शब्दांच्या जागी परीक्षेत मी काय लिहिलं देव जाणे, पण पास झाले. पुढे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की उरलंय तेही जाणार. त्या दिवशी महाडच्या एसटी स्टँडवर पोलादपूरच्या गाडीची वाट बघताना बाबा म्हणाले, "माझे हायत ना." एवढंच. नंतर आमच्यात या विषयावर कधी बोलणं झालं नाही, आणि मला त्याची गरजही वाटली नाही.

आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो. दोघांचं मिळून एक धड माणूस होत होतं. स्वयंपाक माझा, बाजार त्यांचा. त्यांना साखरेचा आजार, सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी इन्सुलिन. त्यांचा हात थरथरतो म्हणून सुई माझ्या हातात. मी बोट टोचायची, थेंब पट्टीवर घ्यायची, मशीन टुक करायचं, मी विचारायची, "किती?" बाबा आकडा सांगायचे. मग मी इन्सुलिनच्या पेनचं टोक फिरवायची. एक टिक म्हणजे एक युनिट, आणि टिक मोजायला डोळे लागत नाहीत. आकडा शंभरच्या खाली असेल तर डोस निम्मा करा, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलेलं. मशीनचा टुक बाबांना ऐकू यायचा नाही, कारखान्यातल्या कॉम्प्रेसरनी त्यांचे कान बारीक आवाजाला बंद करून टाकले होते. माझं "किती?" हाच त्यांचा इशारा.

माझा भाऊ, दादा, डोंबिवलीला असतो. तो दर गणपतीला येतो आणि दर गणपतीला आम्हाला घेऊन जायचं काढतो. त्याचं चुकतं असं नाही. त्याला तिकडे झोप लागत नाही. पण त्याच्या चौथ्या मजल्यावर मला संडासाची वाट शिकण्यापासून सुरुवात करावी लागेल, आणि बाबा तर म्हणतात की तिथं पाय टेकायला माती नाय. इथे मला विहिरीच्या कठड्यापासून गिरणीपर्यंत सगळं पायाने पाठ आहे. या गणपतीत त्याने अट घातली. बाबांची साखर ताब्यात आहे तोवर राहा. एकदा जरी दवाखान्यात ठेवायची वेळ आली, तर मी काही ऐकणार नाही, दोघांना उचलून नेणार. तेव्हापासून रोज रात्री आठला त्याचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न आकड्याचा असायचा. मी सांगायची एकशे चाळीस. तो म्हणायचा, छान.

संक्रांतीनंतर पुण्याहून नवीन पार्सल आलं. साखर मोजायचं बोलकं मशीन, सोबत त्याचं ॲप. पाच दिवस वापरून अहवाल द्यायचा होता. मी खूश झाले, कारण हे काम माझ्या घरचंच होतं. रोज एक थेंब जुन्या मशीनला, एक नव्याला. नव्या मशीनची बाई फोनमधून बोलायची, आवाज जरा सर्दी झाल्यासारखा, पण आकडा स्पष्ट. फोन मी कानाशी धरायची. बाबा कुरकुरायचे की आता रोज दोन दोनदा बोट पिळायचं.

पहिल्या दिवशी बाबा म्हणाले एकशे बेचाळीस, बाई म्हणाली एकशे एकाहत्तर. दुसऱ्या दिवशी बाबा एकशे अडतीस, बाई शहाण्णव. तिसऱ्या दिवशी बाबा एकशे चाळीस, बाई दोनशे तीन. मी बाबांना सांगितलं, तर त्यांनी मान हलवली असावी, कारण खुर्ची करकरली. "उडी मारतंय," ते म्हणाले. "बिघडलेलं हाय." मलाही तेच वाटत होतं, तसं मी म्हटलंही. मी ॲपच्या नावाने मनात वाक्यं जुळवायला लागले होते, आणि ती सौम्य नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी बाई म्हणाली अठ्ठ्याहत्तर. बाबा म्हणाले एकशे एक्केचाळीस. मी पेन पूर्ण डोसाएवढं फिरवलं.

अकराच्या सुमारास मी पडवीत तांदूळ निवडत बसले होते. बाबा अंगणात खुर्चीवर होते. मी काहीतरी विचारलं, त्यांनी उत्तर दिलं, पण शब्द एकमेकांत अडकलेले. पुन्हा विचारलं तर नुसता हुंकार. मी सूप टाकून गेले. कपाळाला हात लावला तर ओलं गार. ऐन थंडीत सदरा पाठीला चिकटलेला. त्यांचं डोकं माझ्या हातावर सैल पडत होतं. साखरेचा डबा कुठल्या फळीवर आहे ते मला झोपेतही सांगता येतं, पण त्या दिवशी माझे हात तीनदा चहाच्या डब्यावर गेले. साखर पाण्यात कालवून चमच्याने भरवली, थोडी त्यांच्या गळ्यावर सांडली. मी मोजत होते, एक चमचा, दोन चमचे, आणि मनात एकच चाललं होतं की आता शेजारी हाक मारावी लागेल, मग रिक्षा, मग महाडचा दवाखाना, मग दादा. आम्ही किती वेळ तसे होतो मला माहीत नाही. मग बाबा म्हणाले, "किती गोड केलंयस गो." मी तिथेच जमिनीवर बसले.

सकाळी भाकरी अर्धीच खाल्ली म्हणून झालं, असं आम्ही दोघांनी ठरवलं. दादाला सांगायचं नाही हेही ठरवलं, न बोलता.

दुपारी मी अहवाल लिहायला घेतला. घरात डोळस व्यक्ती? होय. आकडे विश्वासार्ह? नाही. उपकरण धोकादायक. ही ओळ मी दोनदा लिहिली. पाठवायच्या आधी पुण्याच्या मुलीला फोन केला, कारण एवढा गंभीर दोष असला तर आधी तोंडी कळवायचा असतो. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, जुन्या मशीनचा आकडा कोण वाचतं? मी म्हटलं, माझे वडील. तिने फार हळू, फार आदराने विचारलं, "ताई, त्यांना नीट दिसतं ना?"

मी तिच्यावर उखडले. तीस वर्षं मीटर वाचलेत त्यांनी, तुझ्या जन्माआधीपासून, असं काहीतरी बोलून फोन ठेवला. राग बराच वेळ टिकला. मी भांडी घासली, पुन्हा घासली. आणि मग, राग उतरत गेला तशी खालून भीती वर येत गेली.

गणपतीत बाबांनी आरतीचं पुस्तक हातात धरलं नव्हतं. म्हणाले, पाठ हाय. पेपर बंद केला होता, म्हणाले, त्यात काय असतं. परवा औषधाच्या दुकानातून गोळ्यांची चुकीची पट्टी आली तेव्हा दुकानदाराला शिव्या दिल्या. तीन महिन्यांची रक्ततपासणी ते टाळत होते, रोजची साखर चांगली येते मग कशाला रक्त द्यायचं. मी त्यावर, खरंच, कशाला, असं म्हटलं होतं. फोनमध्ये मी रोजचा आकडा नोंदवून ठेवते. मी ती यादी फोनकडून वाचून घेतली, गणपतीपासून आजपर्यंत. एकशे चाळीस, एकशे बेचाळीस, एकशे एकोणचाळीस, एकशे एक्केचाळीस, एकशे अडतीस. सण गेले, गोडधोड झालं, मध्ये त्यांना ताप आला. काटा एकदाही हलला नव्हता.

जगातलं कुठलंही ॲप असे आकडे देतं तर मी पहिल्या आठवड्यात पकडलं असतं.

संध्याकाळी इन्सुलिनची वेळ झाली. बाबा नेहमीच्या जागी बसले, हात पुढे केला. मी बोट टोचलं. थेंब पिळला. आणि तो पट्टीला न लावता कापसाने पुसून टाकला. कोरी पट्टी मशीनमध्ये सरकवून मशीन त्यांच्या हातात दिलं. टुक झालं नाही. होणारच नव्हतं. ते न झाल्याचंही त्यांना कळणार नव्हतं. बापाची अशी परीक्षा घ्यायची मला लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त, मला त्यांनी पास व्हायला हवं होतं. अगो, यावर काय नाय, एवढं म्हणाले असते तरी पुरे होतं.

"किती?" मी विचारलं.

त्यांनी मशीन तोंडाजवळ नेलं असावं, त्यांचा श्वास त्यावर आपटल्याचा आवाज आला.

"एकशे चाळीस."

मी उठून फोन आणला, आवाज पूर्ण मोठा केला, दुसरं बोट टोचलं आणि थेंब नव्या मशीनला लावला. बाई घरभर ऐकू जाईल अशी बोलली. आपली साखर ब्याण्णव आहे. मी पेन घेतलं आणि निम्म्याच टिक मोजल्या. बाबांच्याही ते लक्षात आलं असावं, पेन रोजच्यापेक्षा लवकर थांबलं होतं.

"ते बिघडलेलं हाय बोललीस ना," ते म्हणाले.

"नाही. ते बरोबर आहे." मग मला सांगावंच लागलं. "बाबा, जुन्या मशीनला मी रक्त लावलंच नव्हतं."

बाहेर हायवेला कंपनीची बस थांबून गेली. मी पेनचं टोपण लावलं, काढलं, लावलं. मला संताप आला होता. आज सकाळी मी माझ्या हाताने त्यांना मारलं असतं, आणि ते मेल्यावरही मी एकशे एक्केचाळीसच धरून बसले असते. हे मी त्यांना बोलूनही दाखवलं, जसं इथे लिहिलंय त्याहून वाईट शब्दांत.

"मधे एक काळा ठिपका हाय," बाबा शेवटी म्हणाले. "बाजूचं दिसतं. माणूस दिसतो, शेळी दिसते. जिथं बघावं तिथंच नाय दिसत." मग, "पयल्यांदा वाटलं, जाईल. मग अंदाज बसला. मला वाटलं, माझा अंदाज चुकत नाय."

मी विचारलं, मला का नाही सांगितलं. हा प्रश्न मूर्खपणाचा होता, उत्तर मला माहीत होतं.

"तुला बोललो होतो ना मी," ते म्हणाले. "स्टँडवर."

आठला दादाचा फोन आला. बाबा माझ्या शेजारीच होते. एकशे चाळीस म्हणायला मला काही कष्ट नव्हते, ते तोंडात बसलं होतं. त्याने विचारलं, किती. मी म्हटलं, ब्याण्णव, आणि हा आकडा बाबांनी नाही, मशीनने सांगितला. मग सकाळचं सांगितलं, डोळ्यांचं सांगितलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. म्हणाला, मी रविवारी येतो, सोमवारी बाबांना महाडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊ, मग बघू. "मग बघू" म्हणजे काय ते मी विचारलं नाही. बाबांनीही विचारलं नाही, पण त्यांनी माझ्या फोनचा हात धरला होता तो सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईने एकशे सव्वीस सांगितलं, मी डोस दिला आणि अहवाल पहिल्यापासून लिहायला बसले. बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले. काय चाललंय ते ऐकायचं होतं त्यांना, म्हणून मी फोनचा आवाज मोठाच ठेवला. फोनने पहिला प्रश्न वाचला. घरात डोळस व्यक्ती उपलब्ध आहे का? होय. नाही.

माझं बोट "होय"वर थांबलं. बाबा म्हणाले, "खरं हाय ते लिव."

मी "नाही" दाबलं. फोन म्हणाला, नाही, निवडले. आणि खाली एक नवा प्रश्न उघडला, जो मी इतक्या वर्षांत ऐकलाच नव्हता, कारण "होय" म्हणणाऱ्यांना तो विचारतच नाहीत. मग तुम्हाला मदत कोण करते? मी तो रकाना तसाच सोडून पुढे जायचा प्रयत्न केला. फोन म्हणाला, हा रकाना भरणे आवश्यक आहे. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. फॉर्म प्रामाणिक होता.

"काय बोलतंय ते?" बाबांनी विचारलं.

मी सांगितलं. मग त्यांनी हात पुढे केला, माझ्या गुडघ्यापासून चाचपत माझ्या हातापर्यंत आणला. माझ्या लक्षात आलं की मी रोज त्यांना असंच शोधते.

"लिव," ते म्हणाले, "रविवारपर्यंत, आम्हीच."